किल्ली कोणापाशीं?

मनुष्यानें आपले कागदपत्र कुलपांत ठेवावे कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां नीतिशास्त्राचा नसून व्यवहाराचा वाटतो. परंतु पत्रें, हिशेब आणि रोजनिशा हीं सारीं कागद सोडून संगणकांत जाऊन बसल्यापासून त्याला निराळें स्वरूप आलें आहे, असें एका स्नेह्यांच्या निधनानंतर आम्हांस प्रकर्षानें जाणवलें.

कुलपाविरुद्ध नेहमींचा आक्षेप असा कीं, कर नाहीं त्याला डर कशाला? हा आक्षेप घेणारे गृहस्थ स्वतःचें पत्र मात्र पाकिटांत घालून, तें नीट चिकटवूनच पेटींत टाकतात. शिवाय आपल्यापाशीं जें गुप्त असतें तें सगळें आपलेंच असतें असें नाहीं. आम्हां शिक्षकांचें पाहा. एखादा विद्यार्थी फीची मुदत वाढवून मागतांना घरचें दारिद्र्य लिहितो. एखादी विद्यार्थिनी गैरहजेरीचें कारण म्हणून आपला आजार कळविते. हीं पत्रें आमच्या संगणकांत असलीं तरी तीं आमच्याकडे ठेव म्हणून आहेत, आणि दुसऱ्याची ठेव उघड्यावर टाकणें याला विश्वासघात हेंच नांव शोभतें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. त्या हक्काची दुसरी बाजू म्हणजे हें कर्तव्य होय.

येथपर्यंत आमच्या मनांत संशय नव्हता. संशय उत्पन्न झाला तो या नव्या कुलपाचा स्वभाव पाहून. जुन्या पेटीची किल्ली हरवली तर ती लोहाराकडून फोडून घेतां येई. नुसता परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, हाही पुष्कळदां दारावरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. जाणत्या मनुष्यास त्याला चुकवून मागच्या दारानें आंत शिरतां येतें. एन्क्रिप्शनची, म्हणजे कूटलेखनाची, गोष्ट वेगळी. त्यांत मजकूरच गणिताच्या रीतीनें असा पालटून टाकलेला असतो कीं, चोरानें तो उचलून नेला तरी त्याच्या हातीं निरर्थक चिन्हांचा ढीग येतो. ऑग्यूस्त केरकॉफ्स यानें १८८३ मध्येंच सांगून ठेविलें कीं, कूटलेखनाची रीत शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. अमेरिकेच्या सरकारनें २००१ मध्यें प्रमाण म्हणून स्वीकारलेली एईएस ही रीत याच तत्त्वानुसार साऱ्या जगासमोर उघडी आहे. मात्र तिच्या सर्वांत मोठ्या किल्लीच्या शक्यता मोजूं गेल्यास संख्या ७८ अंकी होते. येथें लोहाराचा इलाज चालत नाहीं. आणि असें कुलूप चोर कोण व वारस कोण हें ओळखीत नाहीं.

आमच्या या स्नेह्यांनीं वीस वर्षें खेडोपाडीं हिंडून वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. त्या ओव्या आणि त्यांची खासगी रोजनिशी, दोन्ही एकाच संगणकांत, एकाच किल्लीच्या आड होत्या. ती किल्ली त्यांनीं आम्हांस सांगून ठेविली होती. "ओव्या वाया जाऊं नयेत," एवढेंच ते तेव्हां म्हणाले; रोजनिशीविषयीं कांहींच बोलले नाहींत. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. "काका, निदान शेवटच्या वर्षाची तरी वाचूं द्या," असें तो म्हणाला. वारस तो, आम्ही केवळ किल्लीदार. तरीही तो शब्द उच्चारण्यास आमची जीभ रेटेना. अखेर वहिनींस विचारलें. त्या थोड्या वेळानें म्हणाल्या, "ते लिहीत असत तेव्हां मी शेजारींच बसलेली असें. कधीं डोकावलें नाहीं. आतां कशाला?" मग दोघांच्या समक्ष ओव्या तेवढ्या काढून घेतल्या आणि बाकीचें पुन्हां बंद केलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं.

त्याच्यावर अन्याय झाला नाहीं, असें आम्हांस आजही छातीठोकपणें म्हणवत नाहीं. वडिलांनीं त्याला नको म्हटलें नव्हतें. नको म्हणावयाचें त्यांच्या ध्यानांतच आलें नसेल. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. किल्ली आम्हांस ठाऊक असल्यामुळें त्या रोजनिशीचें रक्षण आतां ती ७८ अंकी संख्या करीत नसून आमची नियत करीत आहे. गणितानें चोराला थोपविलें; भल्या माणसांनीं काय उघडावें हें ठरविण्याचें ओझें त्यानें आमच्याच शिरावर ठेविलें. तेव्हां कुलूप लावल्यानें आपलें अर्धेंच कर्तव्य होतें. जें लोकांचें आहे आणि जें केवळ आपलें आहे, त्यांस निरनिराळ्या किल्ल्या असाव्या, आणि कोणती कोणी उघडावी व कोणती कोणींच उघडूं नये, हें धडधाकट असतांनाच सांगून ठेवावें. नाहींतर तो निर्णय शोकांत असलेल्या घरावर जाऊन पडतो.

आम्हीं गेल्या महिन्यांत आपल्या कागदपत्रांच्या अशा दोन वाटण्या केल्या. पहिलीची किल्ली कोणास द्यावी हें तत्काळ सुचलें. दुसरीपाशीं येऊन आम्ही अजून थबकलों आहों.