आणीबाणी, आयात शुल्क आणि कायदेमंडळाची माघार

२०२५ या वर्षात कॅनडा आणि अमेरिका यांच्यात जे वितुष्ट आले त्याचे वर्णन वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून बहुतांशी दोन-तीन व्यक्तींच्या स्वभावांच्या भाषेत झाले. डोनाल्ड ट्रम्प यांचा उतावीळपणा, कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांची ओसरलेली लोकप्रियता आणि त्यांच्या जागी आलेल्या मार्क कार्नी यांचा संयम एवढ्या तीन रंगांत चित्र पुरे झाल्यासारखे सर्वांना वाटले. या चित्रात खोटे काही नाही, पण मूळ प्रश्न त्यात कोठेच दिसत नाही. ज्या देशाचा जन्मच प्रतिनिधींच्या संमतीवाचून लादलेल्या करांविरुद्धच्या बंडातून झाला, त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष प्रतिनिधींना न विचारता, केवळ एका आदेशावर सही करून, अगदी शेजारच्या मित्रराष्ट्राच्या जवळजवळ सगळ्या मालावर पंचवीस टक्के कर लावू कसा शकला, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर ट्रम्प यांच्या स्वभावात जेवढे सापडते त्याहून कितीतरी अधिक ते अमेरिकन कायदेमंडळाने गेल्या नव्वद वर्षांत एकेक करून सोडून दिलेल्या अधिकारांत सापडते, आणि कॅनडाच्या सार्वभौमत्वावर त्या वर्षी जे सावट आले ते याच वाटेने आले.

घटनाक्रम थोडक्यात असा. कॅनडावर ‘आर्थिक बळ’ वापरून त्याला अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य करून घेण्याची भाषा ट्रम्प यांनी पदग्रहणापूर्वीच, जानेवारीतल्या एका पत्रकार परिषदेत, केली होती. १ फेब्रुवारी रोजी त्यांनी उत्तर सीमेवरून होणारी फेंटानिलची तस्करी आणि बेकायदा स्थलांतर ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे जाहीर केले आणि कॅनडाच्या मालावर २५ टक्के, तर तेल, वायू व वीज यांवर १० टक्के शुल्क लावले. हा आदेश दोनच दिवसांत महिनाभर पुढे ढकलला गेला, ४ मार्चला लागू झाला आणि ७ मार्चपासून अमेरिका, मेक्सिको व कॅनडा यांच्यातील २०२० च्या व्यापार कराराच्या अटींत बसणारा माल त्यातून वगळण्यात आला. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मोटारी यांवरची शुल्के वेगळ्या कायद्याखाली आली, आणि कराराबाहेरच्या मालावरचे शुल्क १ ऑगस्टपासून ३५ टक्क्यांवर गेले.

या आणीबाणीचा आधार तपासून पाहण्याजोगा आहे. फेंटानिल हे अफूच्या वर्गातले, प्रयोगशाळेत तयार होणारे अतितीव्र वेदनाशामक असून त्याच्या अतिसेवनाने अमेरिकेत दरवर्षी हजारो माणसे मरतात, यात अतिशयोक्ती नाही. परंतु अमेरिकेच्याच सीमाशुल्क व सीमा संरक्षण खात्याच्या आकड्यांनुसार २०२४ च्या वित्तीय वर्षात मेक्सिकोच्या सीमेवर सुमारे २१,००० पौंड फेंटानिल पकडले गेले, तर कॅनडाच्या जवळजवळ नऊ हजार किलोमीटर लांबीच्या सीमेवर ४३ पौंड, म्हणजे वीस किलोंहूनही कमी. विमानप्रवासाच्या एका बॅगेत मावेल एवढ्या ऐवजावर कॅनडाच्या साऱ्या निर्यातीला वेठीस धरता आले, कारण आणीबाणी कशाला म्हणावे याची कसोटी कायद्याने सांगितलेलीच नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणेल ती आणीबाणी, असाच व्यवहार रूढ झाला आहे.

अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या भागात कर आणि आयात शुल्क लावण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांच्या कायदेमंडळाला, निःसंदिग्ध शब्दांत दिलेला आहे. हा अधिकार काँग्रेसने शहाणपणाने वापरला असे म्हणता येत नाही. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने हजारो वस्तूंवरची शुल्के वाढली, त्याचा पहिला फटका कॅनडाला बसला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत तेथील मॅकेन्झी किंग यांचे सरकार पडून आर. बी. बेनेट सत्तेवर आले. हात पोळलेल्या काँग्रेसने १९३४ मध्ये परदेशांशी करार करून शुल्के कमी-जास्त करण्याची मुभा राष्ट्राध्यक्षाला दिली आणि पुढच्याच वर्षी कॅनडाशी करार झाला. स्थानिक उद्योगांच्या दडपणाखाली असलेल्या खासदारांपेक्षा राष्ट्राध्यक्ष व्यापाराकडे व्यापक दृष्टीने पाहील हा त्यामागचा विचार होता, आणि पुढची काही दशके तो खराही ठरला. १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी शुल्क लावण्याचा अधिकारही याच विश्वासाने दिला गेला. व्यापार खुला करणारा राष्ट्राध्यक्ष डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे कायदे व्यापार बंद करू पाहणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती पडले तर काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नाही.

आणीबाणीच्या अधिकारांची कथा याला समांतर जाते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, शत्रूशी व्यापारास आळा घालणारा एक कायदा झाला होता. युद्ध संपले, कायदा उरला. १९७१ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी सर्व शुल्कपात्र आयातीवर १० टक्के अधिभार लावला आणि पुढे तो न्यायालयात टिकला तो याच जुन्या कायद्याच्या आधारावर. कॅनडाने सवलत मागितली, ती मिळाली नाही, आणि अमेरिकेवरचे अवलंबित्व कमी करण्याचे धोरण तेव्हाचे पंतप्रधान पिअर ट्रुडो यांच्या सरकारने १९७२ मध्ये मांडले. २०२५ मध्ये कार्नी जे बोलत होते त्याची पहिली आवृत्ती ती. याच सुमारास सिनेटच्या एका विशेष समितीला असे आढळले की अमेरिकेत १९३३ पासून आणीबाणी कधी उठवलीच गेली नव्हती आणि तिच्या आधाराने चारशेहून अधिक कायदेशीर तरतुदी राष्ट्राध्यक्षाला वापरता येत होत्या. त्यातून १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा आणि १९७७ चा आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायदा जन्माला आले. दोहोंचा हेतू राष्ट्राध्यक्षाला वेसण घालण्याचा होता, आणि ती वेसण अशी की दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की राष्ट्राध्यक्षाच्या सहीवाचून आणीबाणी संपावी.

ही वेसण तुटली ती एका भलत्याच प्रकरणात. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे जगदीश राय चढ्ढा विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले, परवान्याची मुदत संपल्यावर त्यांची हकालपट्टी प्रशासनाने थांबवली, आणि प्रतिनिधिगृहाने केवळ आपल्या ठरावाने ती सवलत रद्द केली. चढ्ढा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८३ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी न पाठवलेल्या ठरावाने कायदेमंडळाला प्रशासनाची कृती रद्द करता येत नाही. एका माणसावरचा अन्याय दूर करणारा हा निर्णय तर्कदृष्ट्या भक्कमही होता. पण त्याच्या फटकाऱ्यात आणीबाणी संपवणाऱ्या ठरावाची तरतूदही सापडली, आणि १९८५ च्या दुरुस्तीनंतर अशा ठरावावर राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार मिळाला. म्हणजे ज्याने आणीबाणी पुकारली त्याचीच संमती ती उठवायला लागते, नाहीतर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत लागते, जे आजच्या दुभंगलेल्या काँग्रेसमध्ये जवळपास अशक्य आहे. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी पुकारलेल्या आणीबाणीविरुद्धचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, ट्रम्प यांनी तो फेटाळला, आणि प्रकरण तेथेच मिटले.

तरीही मतदान घेणे भाग पाडण्याची एक तरतूद उरली होती. अशा ठरावावर समितीने पंधरा दिनदर्शिकीय दिवसांत अहवाल द्यावा आणि मग सभागृहाने मत नोंदवावे असे १९७६ चा कायदा सांगतो, जेणेकरून नेतृत्वाला विषय दडपून ठेवता येऊ नये. ११ मार्च २०२५ रोजी प्रतिनिधिगृहाने निसटत्या बहुमताने एक नियम संमत केला आणि त्याच्या एका कोपऱ्यात अशी ओळ होती की १ फेब्रुवारीला जाहीर झालेल्या आणीबाणीच्या बाबतीत अधिवेशनातला उरलेला कोणताही दिवस हा दिवस म्हणून मोजला जाणार नाही. सूर्य उगवत होता, खासदार येत-जात होते, भत्ते चालू होते, पण कायद्याच्या हिशेबी वॉशिंग्टनमध्ये तारीख बदलत नव्हती. २ एप्रिल रोजी सिनेटने, चार रिपब्लिकन सदस्यांच्या साथीने, कॅनडाविषयीची आणीबाणी संपवण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केला खरा, पण तो प्रतिनिधिगृहात पोचला तेव्हा तेथे दिवस पुढे सरकतच नव्हते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार असून, त्या वर्षातल्या सर्व भाषणांपेक्षा आणि समाजमाध्यमांवरच्या सर्व गर्जनांपेक्षा ही एक ओळ अमेरिकन लोकशाहीच्या प्रकृतीविषयी अधिक सांगून जाते.

सीमेच्या उत्तरेला याचा परिणाम ट्रम्प यांच्या अपेक्षेच्या उलट झाला, आणि इतिहास माहीत असणाऱ्यांना त्याचे नवल वाटायला नको होते. अमेरिकेच्या पहिल्या संघीय सनदेतच, जी १७८१ मध्ये अमलात आली, कॅनडाला हवे तेव्हा सामील होण्याची मुभा लिहून ठेवलेली होती. कॅनडाने ती कधी वापरली नाही. १९११ मध्ये विल्फ्रिड लॉरिए यांनी अमेरिकेशी परस्पर सवलतींचा करार आणला, अमेरिकन प्रतिनिधिगृहातील चॅम्प क्लार्क यांनी उत्तर ध्रुवापर्यंत अमेरिकेचा झेंडा फडकण्याची आशा भर सभागृहात व्यक्त केली, आणि कॅनडाच्या मतदारांनी लॉरिए यांनाच घरी बसवले. २०२५ च्या जानेवारीत कॉन्झर्वेटिव्ह पक्ष जनमत चाचण्यांत वीसहून अधिक टक्क्यांनी पुढे होता आणि त्याचे नेते पिअर पॉलिएव्ह यांचे पंतप्रधानपद जणू ठरलेले होते. २८ एप्रिलच्या मतदानात ३४३ पैकी १६९ जागा जिंकून कार्नी यांचा लिबरल पक्ष पुन्हा सत्तेवर आला, तर खुद्द पॉलिएव्ह आपल्या मतदारसंघात हरले आणि त्यांना ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीतून संसदेत परतावे लागले. त्यांच्या पक्षाला ४१ टक्क्यांहून अधिक मते मिळाली होती हे मात्र विजयोत्सवात विसरले गेले. घरांच्या किमतींनी हैराण झालेल्या तरुणांचा आणि ओटावावर रुष्ट असलेल्या अल्बर्टाचा राग कोठे गेला नाही. बाहेरच्या धमकीने तो काही काळ झाकला गेला इतकेच.

कॅनडाकडे केवळ अन्याय सोसणारा म्हणून पाहणेही बरोबर ठरणार नाही. ट्रुडो यांनी ६ जानेवारीला राजीनाम्याचा मनोदय जाहीर करताना गव्हर्नर जनरलकरवी संसदेची सत्रसमाप्ती करून घेतली, पाठोपाठ निवडणूक लागली, आणि डिसेंबरच्या मध्यापासून मेच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत, म्हणजे देशावरचे मोठे आर्थिक संकट ऐन भरात असताना, कॅनडाची संसद भरलीच नाही. ४ मार्चला तीस अब्ज कॅनेडियन डॉलरच्या अमेरिकन मालावर लावलेले प्रतिशुल्क हाही मंत्रिमंडळाचाच आदेश होता, सीमाशुल्क कायद्यातल्या एका कलमाखाली काढलेला. कार्नी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते; संसदीय पद्धतीत ते चालते, पण त्या काळात त्यांना सभागृहात प्रश्न विचारण्याची सोय कोणालाच नव्हती. जूनमध्ये मंजूर झालेल्या एका कायद्याने राष्ट्रहिताचे म्हणून निवडलेल्या प्रकल्पांना इतर कायद्यांच्या अटींतून वाट काढून देण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला मिळाला, आणि ज्यांच्या भूमीवरून नळवाहिन्या व रस्ते जाणार त्या मूळनिवासी समाजांनी त्यावर जो आक्षेप घेतला तो रास्त आहे. धमकी परकी असली की स्वकीय सरकारला मोकळे रान मिळते, हा अनुभव काही एका देशाचा नाही.

फरक आहे तो उलटतपासणीचा. कॅनडाने १९१४ चा युद्धकालीन कायदा, जो १९७० मध्ये क्युबेकमध्ये शेकडो लोकांना विनाआरोप पकडण्यासाठी वापरला गेला, तो १९८८ मध्ये मोडीत काढून नवा आणीबाणी कायदा केला. त्यात आणीबाणी म्हणजे काय याची व्याख्या आहे, सरकारने ठराविक मुदतीत संसदेची संमती मागण्याची अट आहे आणि आणीबाणी संपल्यावर चौकशी बंधनकारक आहे. २०२२ मध्ये मालमोटार चालकांच्या आंदोलनावर तो प्रथमच वापरला गेला तेव्हा ट्रुडो यांना चौकशी आयोगापुढे शपथेवर साक्ष द्यावी लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने तो वापर अवाजवी ठरवला.

मराठी वाचकाला या विषयाशी दूरचे नाते मानण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस भारतीय मालावरचे अमेरिकन शुल्क ५० टक्क्यांवर गेले ते १९७७ च्या त्याच कायद्याखाली, आणि अंधेरीच्या सीप्झमधले हिरे-दागिन्यांचे जे कारखाने अमेरिकन गिऱ्हाइकांवर चालतात त्यांना या कायद्याची ओळख आता वेगळी करून द्यावी लागत नाही. शिवाय आपल्या आणीबाणीला २०२५ च्या जूनमध्ये पन्नास वर्षे झाली. त्या अनुभवातून १९७८ मध्ये संमत झालेल्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने एकट्या लोकसभेला, साध्या बहुमताने, आणीबाणी संपवण्याचा अधिकार दिला आणि त्यावर कोणाचाही नकाराधिकार ठेवला नाही. अमेरिकेचे उदाहरण पाहता, त्या दुरुस्तीचे महत्त्व आपल्याकडे जितके ओळखले जायला हवे होते तितके ओळखले गेलेले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात या शुल्कांच्या वैधतेवर युक्तिवाद झाले. आयातीचे नियमन करण्याची मुभा देणाऱ्या १९७७ च्या कायद्यात शुल्काचा उल्लेख नाही, आणि २०२५ पूर्वी कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने त्याखाली शुल्क लावले नव्हते. त्याआधी मे महिन्यात आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आणि ऑगस्टमध्ये वरच्या अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी सरकारच्या विरोधात कौल दिला तो याच कारणांनी. शुल्के अवैध ठरवणारा हा कौल योग्यच आहे. मात्र त्याने हॅमिल्टनमधल्या पोलाद कामगाराच्या किंवा विंडसरमधल्या मोटार कामगाराच्या परिस्थितीत काही बदल होणार नाही, कारण पोलाद, ॲल्युमिनियम आणि मोटारी यांवरची शुल्के १९६२ च्या कायद्याखालची आहेत. तो अधिकार काँग्रेसने स्वतः, स्पष्ट शब्दांत देऊन टाकलेला आहे आणि तो परत घेणे कोणत्याही न्यायाधीशाच्या हातात नाही.