खांब आणि काया

खांब रेखाटायला घेतला की पहिला प्रश्न मापाचा. हात, फूट, मीटर ही सारी मापे खांबाच्या बाहेरची. पण विन्योला या इटालियन वास्तुकाराने १५६२ साली पाच स्तंभप्रकारांची नियमावली सिद्ध केली, तेव्हा मोजण्याचे परिमाण त्याने खांबाच्याच बुंध्यातून घेतले. बुंध्याची जाडी ठरली की त्यांपैकी टस्कन खांबाची उंची तिच्या ७ पट, डोरिकची ८ पट, आयोनिकची ९ पट आणि कोरिंथियनची १० पट. बैठक, शीर्ष, वरची तुळई, सारे त्याच जाडीच्या अंशांत मोजायचे. खांब लहान असो वा प्रचंड, त्याचे अवयव एकमेकांना ओळखून असतात. स्वतःच्या पायाने स्वतःची उंची ठरवण्याची ही रीत, आयुष्यभर परक्या मापांनी मोजल्या जाणाऱ्या माणसाला कुठेतरी आत स्पर्श करते.

ही विद्या गिरवूनच येते, आणि गिरवण्याला आज जो कमीपणा चिकटला आहे तो मला मान्य नाही. गवई पलटे घोटतो ते गळ्याला वाट सापडावी म्हणून. खांबाचा देह वर निमुळता होत जातो, परंतु त्याची कड खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ताठ चढते आणि मग जवळजवळ नकळत आत वळू लागते. ती वळते त्या पातळीवर अर्धवर्तुळ काढायचे, माथ्याच्या जाडीची उभी रेघ त्यावर उतरवायची, कापल्या गेलेल्या कंसाचे आणि वरच्या उंचीचे सारखेच भाग पाडायचे, आणि बिंदूला बिंदू जुळवीत जायचे. बिंदू भूमिती देते. त्यांच्यामधून पेन्सिल न अडखळता नेणे मात्र हाताला स्वतःच उमगावे लागते, आणि ते उमगले की दगडाच्या त्या किंचित फुगीरपणात ओझे पेलणाऱ्या देहाचा ताण दिसू लागतो.

देहाची ही उपमा माझी नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवले की डोरिक खांबाला पुरुषाच्या कायेचे प्रमाण मिळाले, पावलाच्या सहापट उंची. आयोनिकला स्त्रीचा सडपातळपणा आणि जाडीच्या आठपट उंची. कोरिंथियनला कुमारिकेची नाजूक अंगलट. सौंसरच्या मुलखातल्या मोहगावात बसून हे वाचताना मन थबकते, कारण या गावाचा देव अर्धनारीश्वर. तिकडे पुरुष आणि स्त्री दोन वेगळ्या खांबांत उभे राहिले. इथे ते एकाच शरीरात नांदतात. एकाच देहात अनेक आकृतींना जागा देण्याची ही वृत्ती आपल्या खांबांतही उतरली असावी असे मला वाटते. हेमाडपंती देवळातला खांब पाहा: तळाशी चौकोनी, वर अष्टकोनी, पुढे सोळा पैलूंचा किंवा गोल, आणि माथ्यावर छताचा भार झेलणारे कीचक. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला चौकोनी, आठ, सोळा, बत्तीस पैलूंचे आणि गोल हे खांबांचे वेगवेगळे प्रकार म्हणून ठाऊक होते. शिल्प्यांनी त्यांतले कित्येक एकाच दगडावर एकावर एक चढवले. शास्त्रोक्त घडलेल्या शिवलिंगाचाही क्रम तोच: ब्रह्मभाग चौरस, विष्णुभाग अष्टकोनी, रुद्रभाग गोल.

चौरसातून अष्टकोन काढणे सोपे आहे. प्रत्येक कोपऱ्यावर कंपास रोवून अर्ध्या कर्णाएवढ्या त्रिज्येने लगतच्या दोन्ही बाजूंवर खूण करायची. आठ खुणा जुळल्या की कोपरे गळून पडतात. मग उरलेले कोपरे पुन्हा छाटायचे, आणि पुन्हा. वर्तुळ हे चौरसाने हळूहळू सोडून दिलेल्या कोपऱ्यांचे रूप आहे, ही जाणीव कागदावर आकृती उमटताना जितकी खोल रुजते तितकी कोणत्याही ग्रंथाने रुजत नाही.

या दोन परंपरांना शेजारी बसवण्याचे धाडस फार पूर्वी झाले. राम राझ यांचा हिंदू वास्तुकलेवरचा इंग्रजी निबंध १८३४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात शिल्पशास्त्रातले खांब ग्रीक-रोमन खांबांच्या तोलामोलाने उभे आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईचा टाउन हॉल आपल्या डोरिक खांबांसह पुरा झाला होता. पुढे मुंबईच्याच जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकार क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांना भारतीय इमारतींची मापे घेऊन रेखाटायला लावले, हे मला त्या शाळेचे मोठे पुण्य वाटते.

सौंसर-पांढुर्ण्याच्या या मराठी मुलखात खांब म्हटला की अजूनही आधी डोळ्यांपुढे येतो तो लाकडाचा: दगडी तळखडा, त्यावर सागाचा खांब, माथ्याला हस्त, वर तुळई, आणि दोन खांबांमधला खण. घर किती खणांचे, यावरून त्याचा ऐसपैसपणा कळतो. व्हिट्रुव्हियसनेही खांबांमधली अंतरे खांबाच्याच जाडीत मोजली, दीडपटीपासून तीनपटीपर्यंत. त्याहून अंतर वाढले तर दगडी तुळई चालत नाही, लाकूडच घालावे लागते, असे तो बजावतो. म्हणून इथे एखादी ओसरी आखायची झाली, तर मी आधी सुताराला विचारीन की सागाची तुळई केवढी मिळेल. तिच्यावरून खण ठरेल, खणावरून खांबाची जाडी, आणि त्या जाडीवरून उंची किती घ्यावी हे ठरवताना विन्योलाचे पान उघडे ठेवीन.