लाभ, दोन, तीन

दिवाळीच्या सुमारास दिवस मावळताना परसदारी बांधावर बसलं, की समोरच्या माळावर भोवत्या पक्षी उतरायचे. घारीच्या कुळातले, कझाकस्तानच्या गवताळ मुलखातून हजारो किलोमीटर उडून आलेले. दिवसभर नाकतोडे टिपायचे आणि रात्री गुडघाभर गवतात जमिनीवरच विसावायचे. मी ते मोजायचो.

आजीला ते रुचत नसे. "जित्या जिवाची मोजदाद करू नये बाबा, दिष्ट लागती." आजोबा खळ्यावर रास मापताना 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग मीही तसंच मोजू लागलो. लाभ, दोन, तीन... एका साली ३१ भरले.

पुढं भावानं आणि मी मिळून अर्धा माळ नांगरला. कांदा लावला. त्या पैशात मुलीची फी भरली. त्या दिवाळीला ११ च उतरले. वहीत लिहिताना हात अडला. अंधार होता, काही नजरेतून सुटले असतील. २० लिहावं का? वही माझीच, बघतंय कोण?

११ च लिहिले. पोटासाठी नांगर धरला, त्याला पाप म्हणवत नाही. पण मोजलं नसतं, तर 'हल्ली पाखरं कमीच येतात' म्हणून मोकळा झालो असतो. मोजणाऱ्याला तसं मोकळं होता येत नाही.

परवा भाऊ म्हणाला, "उरलेलं रान बी काढू." मी वही पुढं केली. त्यानं आकडे वाचले, बोलला काहीच नाही. सांजेला मात्र बांधावर येऊन बसला. नांगराचं अजून ठरलेलं नाही.