डागडुजीचा हिशेब

मागच्या वर्षी मी एक जुनी गाडी दुरुस्त करून घेतली. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, १९६७ची. आपल्यापैकी काहींनी ती इथल्या खेड्यापाड्यांत पाहिली असेल. पुढून साधी मोटार, मागून लाकडी कपाट! हे अ‍ॅशचं लाकूड शोभेचं नसतं, गाडीचा मागचा भाग त्याच्यावरच उभा असतो.

गाडी मिळाली चार हजार पौंडांना. वर्कशॉपवाल्याने आतलं कार्पेट उचललं आणि मला जवळ बोलावलं. मागच्या स्प्रिंगा जिथे अडकवतात तिथे त्याचं बोट पत्र्यातून आरपार गेलं. मग गंजलेला भाग कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, दारं लावून फटी जुळतात का ते बघायचं, नाही जुळल्या की पुन्हा काढायची. घासायचं, प्रायमर मारायचा, परत घासायचं. रंगाचं काम थोड्या दिवसांचं, त्याच्या खालचं काम महिनोन्महिन्यांचं. (आमच्या सॉफ्टवेअरमध्येही गिऱ्हाईक फक्त रंग बघतं.) दोनशेहून जास्त तास, तासाला साठ पौंड. लाकडी सांगाडा, सुटे भाग, रंग हे वेगळं. एकूण बिल एकोणीस हजार. आज विकली तर त्याच्या निम्मे आले तरी पुष्कळ. सौ.ने बिल वाचलं, घडी घातली आणि काही न बोलता ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पत्रा नवा, लाकूड नवं, मग जुनं काय राहिलं? हा प्रश्न १९९० साली लंडनच्या हायकोर्टापुढे आला होता. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली एक कोटी पौंडांना विकायची ठरली होती. पण ही ती गाडीच नव्हे, मूळचे भाग जवळपास उरलेलेच नाहीत, असं म्हणून खरेदीदार अडून बसला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की भाग बदलत गेले तरी गाडीचा इतिहास मध्येच तुटलेला नाही, म्हणून ती तीच गाडी.

हा निकाल मला फार आवडला. मित्रांना मी तो रंगवून सांगायचो. एकदा सांगता सांगता वाईचा वाडा आठवला आणि पुढे बोलणं जमेना.

२००९ साली बाबांनी विचारलं होतं, वाडा दुरुस्त करायचा का? मागची भिंत खचली होती, दोन तुळया कुजल्या होत्या. अंदाज चौदा लाखांचा होता, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा-एकोणीस हजार पौंड. एम.एस्सी.चं कर्ज डोक्यावर होतं, हे खरं. पण हप्त्याहप्त्याने करता आलं असतं, हेही तितकंच खरं. मी एक्सेलमध्ये सगळं मांडलं, भाडं किती येईल ते लिहिलं आणि 'परवडत नाही' असं कळवून टाकलं. वाडा बिल्डरला गेला. सागवानी खांब कोणी नेले तेही आम्ही विचारलं नाही.

गाडीला त्या हिशेबाने मी एकदाही विचारलं नाही, तुझं भाडं किती येईल म्हणून.

गाडी घरी आली त्या रविवारी पुण्याला फोन लावला. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांनी किंमत विचारलीच नाही. लाकडाचं मात्र सगळं विचारून घेतलं, कुठलं, कोणी बसवलं, सांधे कसे केले. मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे कुजलेलं तेवढंच बदलता येतं तर."

मी म्हटलं, "हो बाबा, येतं." मग तिकडे पाऊस कसा आहे ते विचारलं.