तपशिलाचे ऋण

दुसऱ्याने निर्माण केलेल्या कथाविश्वात स्वतःची कथा रचणाऱ्या चाहत्या-लेखकावर वास्तवाचे बंधन नसते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. पात्रे आणि स्थळे मूळ संहितेकडून उसनी घेतलेली. मग अचूकतेचा आग्रह कशासाठी? तथापि, जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कादंबऱ्यांवर (१९९७-२००७) लिहिणारे ब्रिटनबाहेरचे अनेक चाहते आपले लेखन ब्रिटिश वाचकाकडून तपासून घेत आले आहेत. या तपासणीला ‘ब्रिटपिकिंग’ असे नावही पडले. नाताळच्या जेवणातले कागदी मुकुट, २६ डिसेंबरचे फुटबॉल सामने, रविवारचे कौटुंबिक भोजन यांची शहानिशा तीत होते. ही निव्वळ माहितीची हौस मानावी, की तीत नैतिक दायित्वही अनुस्यूत आहे?

रग्बीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. सामन्यासाठी खाणीतली वा गिरणीतली पाळी बुडवणाऱ्या खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, ही उत्तर इंग्लंडमधील क्लबांची मागणी होती. ती नाकारली गेल्याने १८९५ साली हडर्सफील्ड येथे वेगळी संघटना स्थापन झाली आणि कालांतराने रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ आकाराला आला. रग्बी युनियनने हौशीपणाचा दंडक १९९५ पर्यंत सांभाळला. विगनच्या खाणकामगाराचा मुलगा कथेत सहजगत्या युनियन खेळू लागला, तर चूक केवळ खेळाच्या नावाची राहत नाही. त्या घराच्या मजुरीचा आणि अपमानाचा इतिहास पुसला जातो. मात्र ‘युनियन म्हणजे उच्चवर्गीय’ असे समीकरण पाठ करणारा लेखकही फसतो, कारण दक्षिण वेल्समध्ये हाच खेळ खाणकामगारांचा होता. जेवणाच्या नावांचेही तसेच. उत्तरेकडील कष्टकरी घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ व संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. शब्द बदलला की घर बदलते.

मराठी रंगभूमीने हा पेच वेगळ्या मार्गाने सोडवला होता. ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ करताना गोविंद बल्लाळ देवलांनी पात्रांना देशी नावे आणि देशी परिसर दिला. परक्या रूढींच्या जाणकारीची गरजच मग उरली नाही. चाहता-लेखक हा मार्ग नाकारून परक्याच्या घरातच कथा घडवू पाहतो. त्यामुळे त्या घराविषयीचे उत्तरदायित्वही त्याच्याकडे येते.

या उत्तरदायित्वाची पूर्तता तपशिलांच्या यादीने होत नाही. यादीतून घडणारे पात्र प्रत्येक सण यथासांग पाळते, प्रत्येक शब्द बिनचूक उच्चारते आणि तरीही निर्जीव राहते. खरा माणूस आपल्या रूढीला कंटाळतो, ती मोडतो, क्वचित तिची लाजही बाळगतो. कागदी मुकुट डोक्यावर घालण्यास एखाद्या मुलीने नकार दिला, तर त्या नकाराचा अर्थ लागण्यासाठी तो मुकुट त्या घरात काय आहे, हे लेखकाला ठाऊक असावे लागते. परक्या जीवनाच्या अभ्यासाचे नैतिक प्रयोजन येथे आहे: पात्राला आपल्या रूढीशी भांडता येईल, इतपत ती रूढी जाणून घेणे.