सुईचे वैराग्य

विरक्त पुरुष जगापासून अलिप्त राहतो म्हणजे नेमके काय करतो, या प्रश्नाला गीतेने अवयव आवरून घेणाऱ्या कासवाचे आणि निवाऱ्यातल्या दीपज्योतीचे दृष्टान्त दिले. परंतु हे दोन्ही दृष्टान्त संकोचाचे व आश्रयाचे आहेत, आणि ज्याला जगाच्या गलबल्यात राहूनच एका सूक्ष्म स्वराकडे अवधान द्यावयाचे आहे, त्याची अडचण त्यांनी पुरती निवारत नाही. तीच अडचण ग्रामोफोनच्या तबकडीवर टेकलेल्या सुईची आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या अंशाहूनही बारीक असा खाचेतला कंप तिने टिपलाच पाहिजे, आणि त्याच क्षणी शेजारून कोणी पावले आपटीत गेला तर त्याची दखल मात्र घेता कामा नये.

सामान्यतः माणूस यावर काठिण्याचा उपाय योजतो. टर्नटेबलाखाली ग्रॅनाइटची लादी, तिच्याखाली पोलादी अणकुचीदार शंकू, आणि हे शंकू यंत्रातला कंप जमिनीत उतरवितात पण जमिनीचा वर येऊ देत नाहीत अशी श्रद्धा! पोलाद हे काही एकतर्फी जकातनाके नव्हे. ज्या वाटेने ते खाली जाऊ देते त्याच वाटेने वरही येऊ देते. निष्ठुरतेलाच वैराग्य समजणाऱ्या साधकांची गतही मला याहून निराळी वाटत नाही.

अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी 1961 साली अकूस्टिक रिसर्च या आपल्या कंपनीतर्फे जे टर्नटेबल बाजारात आणले, त्यात तबकडीचा आधार आणि सुईची दांडी ही एकाच ताठ पट्टीवर पक्की बसविलेली असून ती पट्टी तीन मऊ स्प्रिंगांवर तरंगत ठेवलेली होती. सुई आणि खाच यांच्यामध्ये यत्किंचितही सैलपणा नाही आणि त्या जोडीचे बाह्य जगाशी असलेले नाते मात्र शिथिल, ही त्यातली खरी युक्ती. कासवाहून हा दृष्टान्त मला अधिक उपकारक वाटतो, कारण येथे इंद्रिय आत ओढून घ्यावे लागत नाही.

तथापि मार्दवालाही स्वभाव असतो. भाराने जी स्प्रिंग एक सेंटिमीटर दबते तिची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 5 असते, ती 2.5 वर आणावयाची तर चार सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग हवी. या संख्येच्या सुमारे 1.4 पटीच्या वरचेच धक्के ती अडविते; त्याखाली मुळीच नाही, आणि स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळणारा धक्का तर ती वाढवूनच वर पोचविते. दांडी व तिच्या टोकाचे, सुई धारण करणारे कार्ट्रिज यांची स्वतःची कंपनसंख्या बहुधा 8 ते 12 च्या दरम्यान ठेवतात. यंत्राच्या पायांखालचे रबर त्याच घरात डोलू लागले, तर ते नसते तरच बरे. सॉर्बोथेनसारखा चिवट पदार्थ हे डोलणे शमवितो खरा, पण त्या शमनाची किंमत म्हणून वरच्या कंपांचा अटकाव काहीसा सैल पडतो. जो आपल्या दुर्बल जागी सावरला गेला त्याला इतरत्र थोडे सोसावे लागते, याबद्दल तक्रार करणे मला अप्रस्तुत वाटते.

येथे अधिकारभेदही आहेच. पाच किलोच्या यंत्रासाठी घडविलेले पाय पंधरा किलोखाली चेंगरून दगडासारखे होतात, आणि एका किलोखाली पुरेसे दबतच नाहीत. म्हणून दुसऱ्याने वाखाणलेले पाय आपल्या यंत्राचे वजन न पाहता घेणे हे दुसऱ्याचा गुरुमंत्र चोरून जपण्यासारखे आहे. लाकडी मजल्यावर तर पावलांचा मंद हेलकावा स्प्रिंगेच्याच तालात बसतो. तेथे मजला सोडून भिंतीत ठोकलेल्या फळीचा आश्रय करावा, हे उत्तम.

एवढा बंदोबस्त केल्यावरही एक उपद्रव उरतो. सुईने उचललेला स्वर ध्वनिक्षेपकातून शतपट होऊन बाहेर पडतो, हवेतून तबकडीवरच आदळतो, पुन्हा सुईवाटे आत शिरतो, आणि वाढता वाढता त्याचा हंबरडा होतो. आपल्याच स्वराने भरून जाणारा हा यंत्राचा अहंकारच; सांख्यांनी अहंकार हा बाह्य विषयांत न गणता अंतःकरणात गणला, तो यथार्थच म्हणावयाचा. कारण हा कंप पायांच्या वाटेने येतच नाही, आणि त्यावर आवाज उतरविणे किंवा ध्वनिक्षेपक दूर नेणे एवढीच तजवीज करता येते.