सगळे खाडीच्या हवेने

भाईंदरच्या इंद्रलोक भागात मूळ रंगाचा म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुन्हा रंगवलेला निघालेल्या जुन्या, हिरवट फेंडर बास गिटारची किंमत, हप्ते आणि परत मागितलेले पैसे यांची चर्चा आठवडाभर पुरेशी झाली आहे. उरतो तो विक्रेत्याचा खुलासा. आधीच्या मालकाने तसे सांगितले होते, बाजारात सगळेच असे करतात, ही उत्तरे नेहमीची असल्याने बाजूला ठेवता येतील. परंतु रंगातील प्रत्येक विसंगती भाईंदरच्या खाडीच्या खाऱ्या हवेमुळे निर्माण झाली, हा दावा इतक्या सहज सोडून देण्याजोगा नाही.

फिनिश म्हणजे लाकडावरील अस्तर, रंग आणि पारदर्शक लेप यांचे मिळून झालेले आवरण. 1968 च्या सुमारास जाड पॉलिएस्टरकडे वळण्यापूर्वी फेंडर कंपनी मुख्यतः नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे द्रावक उडून गेल्यावर पातळ थर मागे ठेवणारा लेप, वापरत असे. हा लेप काळाबरोबर पिवळा पडतो, त्यामुळे त्याखालचा निळा रंग हिरवट आणि पांढरा रंग सायीसारखा दिसू लागतो. तो ठिसूळही होत असल्याने लाकडाच्या आकुंचन-प्रसरणाबरोबर त्यावर बारीक भेगा उमटतात. इथपर्यंत हवेचा हात मान्य करता येईल.

परंतु इंद्रलोकातील हवा याहून पुष्कळ कर्तबगार दिसते. पिकगार्ड, म्हणजे तारांखालच्या लाकडाला ओरखड्यांपासून वाचवणारे प्लास्टिकचे पान, काढल्यावर त्याखालचा उजेड न लागलेला भाग बाहेरच्यापेक्षा अधिक निळा दिसावयास हवा. येथे तोही तितकाच हिरवा निघाला, म्हणजे हवेने स्क्रू सोडवून आत प्रवेश केला आणि काम झाल्यावर ते पुन्हा आवळले. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखान्यात रंगकामापूर्वी बासच्या धडात छोटे खिळे ठोकत, म्हणजे ओले धड त्यांच्या आधारावर वाळवता येई. रंगानंतर खिळे उपटले जात असल्याने मूळ फिनिशच्या छिद्रांत कोरे लाकूड दिसते. खाडीच्या हवेने मात्र ही छिद्रे लांबीने बुजवून वरून रंगाचा एक हातही मारला. तिने लॅकरला भेगा पाडल्या, पण वीतभर अंतरावरील स्क्रूंना गंजाचा ठिपका लागू दिला नाही. एकेकाळी मिठागरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात मीठ इतके विवेकी असेल, तर गृहनिर्माण संस्थांनी गच्चीवरील लोखंडी जिन्यांसाठी त्याच्याशी करार करावा.

पिवळ्या बल्बखाली रात्री छायाचित्रे काढून माल विकणाऱ्यांविषयी या स्तंभाची तक्रार जुनी आहे, आणि या बासची सर्व छायाचित्रे अर्थातच तशीच होती. दिवसाच्या उजेडाबरोबर अतिनील दिवाही उपयोगी पडतो, कारण त्याखाली जुने नायट्रोसेल्युलोज बहुधा हिरवट-पिवळे चमकते. मात्र कोणतीही एक खूण पुरेशी नसते आणि सर्व खुणा एकमेकींशी जुळाव्या लागतात. पिवळ्या बल्बखाली सर्वच खुणा जुळतात.

पुन्हा रंगवणे हा दोष नव्हे. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले मिरजेचे तंबोरे दुरुस्तीला आले की त्यांना चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, नवे पॉलिश देण्यात कोणाला संकोच वाटत नाही, कारण गवयाला वाद्याच्या अंगापेक्षा त्याची जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून साधलेला स्वराचा गुंजारव, अधिक मोलाची असते. फेंडर स्वतः 1995 पासून मुद्दाम झिजवलेली नवी वाद्ये विकते आणि ती झीज मालाच्या वर्णनातच सांगते. पुन्हा रंगवलेला जुना बास साधारणतः मूळ रंगाच्या बासच्या निम्म्या किमतीला जातो, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तो सौदा फायद्याचाच असतो. अनीती सुरू होते ती निम्म्याची पूर्ण किंमत मागताना.

ग्राहकाला पैसे परत मिळावेत, हे न्याय्यच. तरीही स्क्रू सोडवून आत पाहण्याचे त्याला सुचले नाही, याचे कारण बहुधा इतकेच की खाडीच्या हवेची कथा पुढच्या ग्राहकाला सांगण्यासाठी त्यालाही हवी होती. त्याने तो बास वाजवण्यासाठी घेतला असता तर प्रकरण कदाचित उघडकीसही आले नसते. या बासचा आवाज कसा आहे, याची चौकशी मात्र आठवडाभरात कोणीही केलेली नाही.